एकाच नावाच्या दोन फायली

ओयो
९ जानेवारी २०१०

आकोवे,

हे पत्र मुफुताऊ ड्रायव्हरच्या हाती देतेय. इबादानच्या मोटारतळावर पोचला की तो तुला फोन करेल. लगेच जा, त्याला ताटकळत ठेवू नकोस. वहिनी फोन का करत नाही, असं विचारू नकोस. फोनवर तू नुसता "हो वहिनी, हो वहिनी" करतोस आणि ठेवला की विसरतोस. कागदावरचं विसरता येत नाही.

मी ध्वनिसंग्रहालयातून निवृत्त झाले असले तरी तिथल्या बातम्या ओयोपर्यंत येतात. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या जुन्या मॅकची डिस्क कण्हायला लागलीय म्हणे. टेपा तर बुरशीने कधीच गेल्या. गावोगाव फिरून, कोंबड्या आणि पोरं हाकलत मी जे गोळा केलं, ते सगळं आता त्या एका कण्हणाऱ्या डिस्कवर आहे. तुमच्याकडे नवा सर्व्हर आलाय, तोही महिनाभर खोक्यात पडून होता, हेही मला कळलंय.

सगळं नव्या जागी हलव. सर्वांत वेगवान पद्धत कोणती ती लाव आणि मोकळा हो. कधीपर्यंत होईल ते उलट टपाली कळव.

मोरेनिके

ता. क. माझ्या आवेरोची फाईल त्याच डिस्कवर आहे ना?


इबादान
१७ जानेवारी

वहिनी, लांबूनच दंडवत.

पत्र मिळालं. मुफुताऊने फोनवर आधी मलाच झापलं, "कारकूनसाहेब, इया आवेरोंनी सांगितलंय, तुम्ही वेळेत आला नाहीत तर पत्र परत ओयोला न्यायचं." तुमचा दरारा मोटारतळावरसुद्धा चालतो.

डिस्कचं खरं आहे. आवेरोची फाईल तिथेच आहे, काळजी करू नका.

पण "वेगवान ती लाव" इतकं ते सोपं नाही. सर्व्हर लिनक्सचा, मुद्रणाच्या खोलीत मॅक, ऑफिसात विंडोज. तीन खोल्या, तीन स्वभाव. फायली इकडून तिकडे न्यायच्या पद्धतीही तीनच. एनएफएस ही लिनक्सची घरची. एसएमबी विंडोजची. एएफपी मॅकची. सर्व्हरला तिन्ही येतात. कोणत्या खोलीने त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, एवढंच ठरवायचंय. सगळं घर एकाच जातीच्या यंत्रांचं असतं तर डोळे मिटून ठरवता आलं असतं. आपलं घर मिश्र आहे. इथे कागदावर वेगवान दिसते ती प्रत्यक्षात वेगवान असेलच असं नाही.

म्हणून तिन्ही पद्धतींची परीक्षा घेतो. तेच सामान, त्याच वाटेने, पाळीपाळीने. आधी एक प्रचंड मोठी फाईल, मग हजारो लहान, मग एकाच फाईलवर दोन माणसं एकदम. मधे वीज गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि वीज तर जातेच. थोडा वेळ द्या.

एवढी वर्षं थांबलात. आता घाई कसली?

तुमचा,
फोलारिन


ओयो
२२ जानेवारी

आकोवे,

घाई कसली हे मला विचारायचं नाही. माझं वय तुला ठाऊक आहे, तेवढं उत्तर पुरे.

तुझ्या तीन पद्धतींचं वाचून हसू आलं. एका घरात तीन सवती. सर्व्हर नवरा, तिघींशी गोड बोलणारा, आणि मुलं कोणती कोणाची याचा पत्ता नाही. जपून राहा. घरात नव्याने आलेली बाई मुलांना आपण ठेवलेल्या नावाने हाक मारते, हे तुला मी सांगायला नको. मी लग्न होऊन आले तेव्हा तू पाच वर्षांचा, काखेत पाटी धरून अंगणभर फिरणारा. आपल्या आधी घरात असलेल्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, मग तो पाच वर्षांचा दीर का असेना. म्हणून मी तुला आकोवे केलं, लिहिणारा. तुझी आई तुला एका नावाने बोलवी, मी दुसऱ्या, आणि तू दोन्हीकडे जेवून घेत होतास. आजतागायत तुझं खरं नाव माझ्या तोंडून गेलेलं नाही. कॉलेजात शिकलेली सून असून पाळलं, म्हणून तुझ्या आईला माझा अभिमान होता. बोलून मात्र कधी दाखवला नाही तिने.

आता कामाचं. फायलींच्या नावांवरची एकही खूण गळता कामा नये. अक्षराखालचं टिंब नाही, वरची सूर दाखवणारी चढती रेघ नाही, उतरती रेघ नाही. खुणांशिवाय आपली योरुबा भाषा लिहिणं म्हणजे तोंड बांधून बोलणं. तो परदेशी पाहुणा आठवतो? त्याने सरसकट खुणा गाळून यादी केली. "ओको" या एका शब्दाचे नवरा, कुदळ आणि मोटार असे तीन अर्थ, आणि फरक फक्त खुणांचा. परिणाम काय, तर नवऱ्याच्या स्तुतीचं गाणं कितीतरी वर्षं शेतीच्या अवजारांत पडून होतं. काही घरांत दोन्हींत फरक नसतो, ते सोड.

खुणा मी लावायला लावल्या. त्या तशाच राहतील. आणि लवकर.

मोरेनिके


इबादान
६ फेब्रुवारी

वहिनी, दंडवत.

परीक्षा झाली. निकाल ऐका.

एकच मोठी फाईल न्यायची तर एनएफएस आणि एएफपी खांद्याला खांदा लावून धावतात, एसएमबी थोडी मागे. खरा निकाल लहान फायलींत लागला. मॅकवरून एनएफएसने हजारो फायली पाठवल्या, माझी अमालाची थाळी संपायच्या आत सगळ्या पोचल्या. एएफपीला त्याच्या दुप्पट लागला. एसएमबीने पाठवल्या तेव्हा मी जेवलो, डुलकी काढली, उठून तोंड धुतलं, तरी ती मोजतच होती. मात्र ऑफिसातल्या विंडोजचं एसएमबीशिवाय कोणाशीच जमत नाही. म्हणून मॅकला एनएफएस आणि ऑफिसला एसएमबी दिली. ऑफिसातल्या यंत्रांवरही बहुतेक फायलींच्या प्रती निघाल्या, म्हणून दोन्हीकडचा माल सर्व्हरच्या एकाच कप्प्यात उतरवला. तुम्हाला वेग हवा होता, तो मिळाला.

पण एक विचित्र प्रकार झालाय. त्या कप्प्यात जवळजवळ प्रत्येक फाईल दोनदा दिसते. एकाच नावाच्या दोन फायली, शेजारी शेजारी, शेवटच्या टिंबापर्यंत सारख्या. असं होऊच शकत नाही. एका कप्प्यात एक नाव एकदाच असतं.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडलं. खुणा, वहिनी! विंडोज टिंब अक्षराला चिकटवून ठेवतं. मॅक आधी अक्षर ठेवतो, मग टिंब सुटं, मग रेघ सुटी. तुम्हाआम्हाला दोन्ही सारखंच दिसतं, यंत्राच्या लेखी मात्र ती दोन निराळी नावं. एएफपी आणि एसएमबी वाटेत मॅकची सुटी टिंबं जोडून घेतात. एनएफएस तसं काही करत नाही. दिलेला निरोप दिला तसा पोचवते, म्हणजे तुमच्या मुफुताऊसारखी.

तर ऑफिसची एक प्रत आणि मॅकची एक, अशा जोड्या झाल्यात. काही जोड्या लावून ऐकल्या, अगदी एकसारख्या. सगळ्या ऐकायच्या तर महिने जातील, आणि सर्व्हरवरची जागा संपत आलीय. दोन मार्ग आहेत. सगळं पुसून पुन्हा एएफपीने सावकाश आणायचं. नाहीतर जोड्यांतल्या सुट्या टिंबाच्या सगळ्या एका फटक्यात काढून टाकायच्या. मॅकची डिस्क आता मधेच गप्प होते, पुन्हा पूर्ण वाचता येईल की नाही सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल तसं.

फोलारिन


ओयो
१० फेब्रुवारी

आकोवे,

शितावरून भाताची परीक्षा होते. तू चांगली मूठभर शितं चाचपलीस, आता पातेलं उपसत बसू नकोस. सुट्या टिंबाच्या काढून टाक. घरात एका नावाची दोन माणसं कशाला?

झालं की माझं एक काम कर. माझ्या पोरीने, आवेरोने, लग्नाच्या आदल्या दिवशी म्हटलेलं नवरीच्या रडण्याचं गाणं एका सीडीवर उतरव आणि मुफुताऊकडे दे. यंत्र माझ्याकडे आहे. दोन वर्षांत ती बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तेव्हापासून मी ते एकदाही लावलेलं नाही. इतरांच्या मुलींचं रडणं मात्र मी आयुष्यभर जपलं, वर्गांत शिकवलं. आता लावावं म्हणते.

मोरेनिके


इबादान
२७ फेब्रुवारी

वहिनी, दंडवत.

सुट्या टिंबाच्या फायली काढल्या. कप्पा स्वच्छ झाला. ऑफिस खूश आहे.

सीडीचं लक्षात आहे. लिहिणारं यंत्र जरा बिघडलंय, ते दुरुस्तीला दिलंय.

घरी सगळे बरे. तुमच्यासाठी अमालाचं पीठ पाठवतोय, इसेयिनच्या बाजारातलं, काळं आणि बारीक, तुम्हाला आवडतं तसं.

फोलारिन


ओयो
१२ मार्च

आकोवे,

पीठ चांगलं आहे. पिठाने माझं तोंड बंद होईल असं वाटलं असेल, तर तुला वहिनी अजून कळलेली नाही.

सीडी लिहायचं यंत्र इबादानभर एकच आहे का? मोटारतळाबाहेर गाणी विकणारी पोरं छत्रीखाली बसून दिवसाला शंभर सीड्या लिहितात. त्यांच्याकडे जा.

मला त्यातली एकच ओळ नीट आठवते. बाकीचं तिने स्वतः जुळवलं होतं, आपल्या विणकर कुळाची स्तुती घेऊन, आणि ते माझ्या डोक्यातून गेलं. मी लिहून ठेवलं नाही. टेपवर आहे, मग लिहायचं कशाला, असं वाटलं. आठवते ती ही,

आई, दार लाव, पण कडी लावू नकोस.

रडण्याच्या बाकी सगळ्या ओळी मी तिला शिकवल्या. ही तिची. पुढे काय म्हणाली होती ते ऐकायचंय.

मोरेनिके


इबादान
२० मार्च

वहिनी, दंडवत.

जनरेटरचा पट्टा तुटलाय आणि वीज आठवडाभर धड नाही. सर्व्हर बंद ठेवावा लागतोय. मधे कामासाठी लागोसला जाऊन आलो, पुन्हा जाईन. त्यामुळे सीडीला थोडा उशीर.

ईस्टरला मी ओयोला येतो, तेव्हा बोलू. तोवर धीर धरा, वहिनी.

फोलारिन


ओयो
२ एप्रिल

आकोवे,

ईस्टरला येऊन बोलशील, आणि मी काय ऐकेन?

सांगायचं नव्हतं, पण तू ढिलाई करतोस म्हणून सांगावं लागतंय. माझे कान चालले. डावा गेल्या पावसाळ्यातच गेला. उजव्यातून अजून थोडं येतं, पण दर महिन्याला कमी. डॉक्टर म्हणाला, यंत्र लावा, त्याने आवाज मोठा होईल, मात्र स्पष्ट होईल असं नाही. चढता सूर कोणता आणि उतरता कोणता, हे मला आता ओठ पाहून ताडावं लागतं. योरुबात सूर गेला तर उरतं काय? परवा शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "इया आवेरो, मोटार आली," आणि मी तिला विचारलं, "कोणाचा नवरा आला?" गल्ली अजून हसतेय. मीही हसले.

फोन का करत नाही, हे आता कळलं? तू काय बोलतोस ते मला कळत नाही, म्हणून. सर्वांत वेगवान पद्धत कोणती, असं का विचारत होते, तेही यातच आलं.

गल्लीतली पोरं मला अजून इया आवेरो म्हणून हाक मारतात, आवेरोची आई. पोरगी जाऊन वीस वर्षं झाली, हाक तिच्याच नावाची. तो शब्द ऐकू येईनासा व्हायच्या आत मला तिला एकदा ऐकायचंय.

जनरेटरचा पट्टा बदल.

मोरेनिके


इबादान
११ एप्रिल

वहिनी,

ईस्टरला आलो नाही, आणि आज दंडवत घालायचं तोंड नाही मला.

जनरेटरचा पट्टा तुटलेला नव्हता. सीडीचं यंत्रही बिघडलेलं नव्हतं. फेब्रुवारीत तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी सुट्या टिंबाच्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी आवेरोची फाईल उघडली. ती दोन-तीन मिनिटांत संपली.

मग जुनं रजिस्टर काढलं. आवेरोच्या टेपेला दोन बाजू होत्या. पहिलीवर सराव आणि दुसरीवर खरं रडणं. पहिली बाजू ऑफिसातल्या माणसाने विंडोजवर उतरवली, दुसरी मुद्रणाच्या खोलीत मॅकवर उतरली. टेपेवरच्या चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात एकच नाव होतं, सगळ्या खुणांसकट. दोघांनी तेच नाव दिलं. इतर जोड्यांत एकाच रेकॉर्डिंगच्या दोन प्रती होत्या. ही एकच जोडी तशी नव्हती. आ वर उतरती रेघ, ए खाली टिंब आणि वर उतरती रेघ, ओ वर चढती. दोन्हीकडे तंतोतंत तेच. मी सुट्या टिंबाची काढली. खरं रडणं त्या फायलीत होतं.

सर्व्हरची दुसरी प्रत रोज आपोआप पहिलीसारखी होते. तिथूनही ते गेलं. मी मॅककडे धावलो, पण त्याची डिस्क त्याच आठवड्यात कायमची थांबली होती. ती घेऊन दोनदा लागोसला गेलो. तिथल्या माणसाने ती उघडून दाखवली. आतली तबकडी खरवडली गेलीय, गोल गोल, जुन्या तव्यासारखी. "अंकल, यातून देवसुद्धा काही काढणार नाही," म्हणाला.

एएफपीने आणलं असतं तर तिने वाटेत टिंब जोडलं असतं आणि विचारलं असतं, या नावाची फाईल इथे आधीच आहे, काय करू? तेव्हा तरी मी उघडून पाहिलं असतं. मी वेग मोजत बसलो. कोणती पद्धत थांबून विचारते, ते मोजायचं मला सुचलं नाही. नावांच्या शेजारी दोन्ही फायलींचे आकार लिहिलेले होते. ते पाहायला एक सकाळ पुरली असती. तुम्ही काढ म्हणालात म्हणून मी सुटत नाही. ते पाहायचं काम माझं होतं.

सराव माझ्याजवळ आहे. तो पाठवावा की नाही, कळत नाही. त्यात तिचा आवाज थोडाच आहे. तुमचाही आहे.

फोलारिन


ओयो
९ मे

फोलारिन,

पत्र मिळालं.

मोरेनिके अडेगोके


इबादान
१६ मे

वहिनी,

पंचेचाळीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझं नाव घेतलंत. बायकोने ते पत्र पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाचं? ऑफिसचं का?" माझी आई गेली तेव्हासुद्धा मी या घरात इतका परका झालो नव्हतो.

तुम्ही मागितलेली नाही तरी सरावाची सीडी मुफुताऊच्या हाती देतोय. ऐकावीशी वाटली नाही तर फोडून टाका. ती तुमची आहे, माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही. आवाज होता तसा ठेवलाय. स्वच्छ करायला हात लावला नाही. आता कशालाच हात लावायची हिंमत होत नाही.

आम्ही सगळी मांडणी बदलली. तिन्ही खोल्यांत आता एसएमबीच, हळू चालली तरी. जोड्यांतली कोणतीही फाईल दोन माणसांनी उघडून पाहिल्याशिवाय कोणी काढत नाही. आवेरोच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही, ठाऊक आहे मला.

फोलारिन


ओयो
१३ जून

आकोवे,

सीडी मिळाल्यावर बरेच दिवस पिठाच्या डब्यावर पडून होती. काल दुपारी गल्ली निजलेली असताना मी यंत्र उशीवर ठेवलं, उजवा कान त्याला चिकटवला आणि आवाज पूर्ण सोडला. शेजारीण धावत आली. तिला वाटलं, घरात भांडण लागलंय.

तसं भांडणच होतं ते.

सुरुवातीला खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग आवेरो. सुरुवातीचे शब्द मला लागले नाहीत. तीनदा लावले तेव्हा लागले. ती म्हणते, "आई, दार लाव," आणि थांबते. मग खुदकन हसते. "आई, पुढचं विसरले. आणि हे असं ठरवून रडायला लाज वाटते गं. बंद कर ना ते यंत्र." मागे दुसऱ्या पोरी हसतात. मग एका बाईचा आवाज येतो, कोरडा, घाईचा. "हसू नकोस. नवरी आहेस. नीट रड. पुन्हा पहिल्यापासून." आवेरो पुन्हा सुरू करते, "आई, दार लाव," आणि तिथेच संपतं.

त्या बाईचा आवाज मला पहिल्याच खेपेला स्पष्ट ऐकू आला. सगळे सूर कळले. पोरीचे मात्र ताडावे लागले.

तर माझ्याकडे उरलं ते एवढंच. पोरगी दोनदा दार लाव म्हणते. कडीचं टेपेच्या दुसऱ्या बाजूला होतं, ते मी सोडून आता कोणाला माहीत नाही. तुला माहीत आहे, कारण मी लिहिलं.

सुट्या टिंबाच्या काढ म्हणणारी मी होते. शिताची गोष्ट सांगणारीही मीच. तू आकार पाहायला हवे होतेस, ते तुझं. दोघांनी आपापलं उचलावं. दुसऱ्याचं ओझं डोक्यावर घेऊन मिरवू नकोस. परक्या माणसासारखं तुझं नाव लिहिलं, त्याबद्दल तुझी आई असती तर तिने मला आठवडाभर वाढलं नसतं. आता ते नाव पुन्हा बंद.

आज मी सीडी लावली नाही. कालच्या तिसऱ्या खेपेलाच शेवटचे शब्द पुसट झाले होते. सीडीचा दोष नाही.

आता एक काम कर. सर्व्हरवर त्या फाईलचं नाव बदल. ए खालचं टिंब काढ, वरची रेघ काढ, आ वरची काढ, ओ वरची काढ. नुसती साधी अक्षरं राहू देत, इंग्रजी शाळेतलं पोर लिहील तशी. मी हे सांगतेय म्हणून ऑफिसात सगळे डोळे विस्फारतील, विस्फारू देत. खुणांशिवाय त्या नावाला काही अर्थ उरत नाही, हे मला तुम्हा सर्वांहून जास्त कळतं. पण मॅक असो, विंडोज असो, उद्या आणखी कोणतं यंत्र येवो, कोणी कसंही टाइप करो, ती पहिल्या हाकेला सापडली पाहिजे.

बाकीच्या सगळ्या नावांवर खुणा तशाच ठेव. फक्त तिच्या नावावर नकोत.

कडी लावू नकोस, असं ती म्हणालीच होती.

तुझी वहिनी,
इया आवेरो